फिल्मवरचा पांडा आणि डोळ्यातले वलय



देवनहळ्ळीहून होसूर रस्त्यावरच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकारांच्या संस्थेत जायचे तर अख्खे बेंगळुरू ओलांडावे लागते. कोलार, चिक्कबळ्ळापूर, अनंतपूर या बाजूचे रुग्ण ते ओलांडतात. बेळगाव-निपाणीकडचे रात्रीची गाडी धरून येतात. हल्ली अशा रुग्णासोबत एक मोठे पाकीट असते आणि त्यात मेंदूच्या एमआरआयची फिल्म असते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी क्रम साधारण असा होता की आधी न्यूरॉलॉजिस्ट रुग्णाला तपासणार, त्याच्या मनात शंका येणार आणि मग ती पडताळायला तो फिल्म मागवणार. आज जिल्ह्याच्या ठिकाणीच नव्हे, काही तालुक्यांच्या गावीही स्कॅन सेंटर आहे, पण हालचालींच्या आजारांचा जाणकार तिथे नाही. त्यामुळे फिल्म आधी निघते आणि तिला काय विचारायचे हे ठरवणारा माणूस नंतर भेटतो. आजचे व्याख्यान या उलटलेल्या क्रमाविषयी आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: कंपवात आणि त्याच्या भाऊबंद आजारांत एमआरआयवरच्या खुणा निदानाला खरोखर मदत करतात, पण ती मदत एकतर्फी असते. खूण दिसली तर ती पुष्कळ सांगते. दिसली नाही तर फारसे काही सांगत नाही. शिवाय ज्या खुणा पाठ्यपुस्तकांत आणि परीक्षांत गाजल्या, त्या रुग्णाच्या सर्वाधिक कामाच्या असतातच असे नाही.

हे म्हणणे पारखायला विल्सनच्या आजाराइतके चांगले उदाहरण दुसरे नाही, आणि त्यावरचे भक्कम काम याच शहरात झाले आहे. एस. ए. किनियर विल्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १९१२ मध्ये हा आजार सविस्तर मांडला. शरीरात आलेले जादा तांबे यकृताने पित्तावाटे बाहेर टाकायचे असते. १३व्या गुणसूत्रावरच्या एटीपी७बी या जनुकात दोष असला की ते काम अडते, तांबे आधी यकृतात आणि मग मेंदूत साठत जाते. शाळकरी किंवा कॉलेजच्या वयातल्या मुलाचे अक्षर बिघडते, बोलणे जड होते, लाळ गळते, हात थरथरतात, मान किंवा पाय वाकडा होतो, कधी स्वभावच बदलतो. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन्ही जनुक सदोष असल्याशिवाय हा आजार होत नाही. म्हणूनच दक्षिण कर्नाटकातली मामा-भाचीची लग्ने आणि महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत चालत आलेली मामाच्या मुलीशी लग्ने यांचा विचार इथे टाळता येत नाही. मुंबईत दस्तूर, मंघानी आणि वाडिया यांनी भारतातल्या १६ कुटुंबांतल्या विल्सनच्या आजाराचा अभ्यास १९६८ मध्येच प्रसिद्ध केला होता. निम्हान्समधल्या तळी, सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तीन दशकांत तपासलेल्या २८२ रुग्णांचे वर्णन छापले. एरवी सुमारे तीस हजारांत एक असा ज्याचा ढोबळ अंदाज सांगितला जातो, त्या आजाराचे एवढे रुग्ण एकाच संस्थेच्या दप्तरी असणे ही मोठी गोष्ट आहे.

आता या आजाराचे गाजलेले चित्र. एमआरआयच्या टी-टू प्रकारच्या प्रतिमेत जिथे पाणी वाढले किंवा ऊतींना इजा झाली तिथे पांढरे दिसते आणि जिथे लोह जास्त असते तिथे काळे. मेंदूच्या देठाचा वरचा भाग म्हणजे मध्यमेंदू. त्याचा आडवा छेद घेतला की निरोगी माणसातही लाल केंद्रके आणि कृष्णद्रव्याचा काही भाग लोहामुळे गडद असतो. विल्सनच्या आजारात त्यांच्या सभोवतालचा भाग पांढरा पडतो, आणि मग काळी उरलेली केंद्रके डोळ्यांसारखी, कृष्णद्रव्याच्या कडा कानांसारखी भासून पांडाचा चेहरा उमटतो. १९९१ मध्ये जपानी डॉक्टरांनी हे दाखवून दिले आणि तेव्हापासून जगभरच्या रेडिओलॉजीच्या विद्यार्थ्याला विल्सन म्हटले की पांडा आठवतो. चित्र देखणे आहे, एकदा पाहिले की विसरत नाही. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

निम्हान्समधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये अगदी साधा प्रश्न विचारला: लहान वयात हालचाली बिघडलेल्या १०० रुग्णांच्या फिल्म समोर ठेवल्या, तर कोणत्या खुणांवरून विल्सनचे रुग्ण वेगळे काढता येतील? त्यांत ५६ जणांना विल्सनचा आजार होता, ४४ जणांना तशाच दिसणाऱ्या इतर व्याधी. पांडाचा चेहरा विल्सनच्या रुग्णांपैकी १४.३ टक्क्यांत दिसला. म्हणजे ५६ पैकी ८. उरलेल्या ४८ जणांच्या फिल्मवर पांडा नव्हता, आणि त्यांना विल्सनचाच आजार होता. त्याच अभ्यासात मध्यमेंदूच्या पाठीकडची पट्टी, जिला टेक्टम म्हणतात, ती ७५ टक्क्यांत पांढरी दिसली; मध्यमेंदूच्या खालचा देठाचा भाग म्हणजे पॉन्स, त्याच्या मधोमध होणारा बदल ६२.५ टक्क्यांत, आणि मेंदूच्या आत खोलवर असलेले बेसल गँग्लिया व थॅलॅमस आणि मेंदूचा देठ या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी बदल ५५.३ टक्क्यांत. या चारही खुणा त्या ४४ इतर रुग्णांपैकी एकाच्याही फिल्मवर नव्हत्या. विश्वासार्हतेत चौघी सारख्याच ठरल्या, पण पट्टीची खूण पांडापेक्षा पाचपटींहून जास्त वेळा सापडली. तिला प्राण्याचे नाव नाही, ती व्याख्यानाच्या पडद्यावर टाळ्या घेत नाही, आणि घाईत फिल्म पाहणाऱ्याची नजर तिच्यावर ठरत नाही. नाव मिळालेली खूण नजरेला शिस्त लावते हे खरे; पण ती नजर बांधूनही टाकते. पांडा नाही म्हणजे विल्सन नाही, असे कोणी उघड लिहीत नाही, पण मनात तसा निकाल लागून गेलेला असतो.

तो निकाल किती महाग पडतो तेही याच संस्थेने मोजले आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत विल्सनच्या ३०७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांपैकी १९२ जणांचे, म्हणजे ६२.५ टक्क्यांचे, निदान निम्हान्सला पोचण्यापूर्वी चुकलेले होते. कोणाला स्किझोफ्रेनिया ठरवले होते, कोणाला संधिवात, कोणाला मूत्रपिंडाचा विकार, तर कोणाला मेंदू झिजण्याचा आजार. लक्षण सुरू झाल्यापासून निदानापर्यंत सरासरी दोन वर्षे गेली होती. एखाद्या रुग्णाच्या बाबतीत हे अंतर तीस वर्षांपर्यंत गेले होते. या यादीतला शेवटचा शिक्का मला सर्वांत घातक वाटतो. संधिवाताचे औषध लागू पडले नाही तर घरचे लोक दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. मेंदू झिजतो आहे, इलाज नाही, असे एकदा कानावर पडले की शोध थांबतो. आणि विल्सनवर इलाज आहे. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन हे तांबे ओढून काढणारे औषध आणले; पुढे झिंक आले, जे आतड्यातच तांब्याला अडवते आणि तुलनेने खूप स्वस्त पडते. काही काळ दोन्ही औषधे दिल्यावर पेनिसिलामाइन बंद करून केवळ झिंकवर रुग्णाला सुखरूप ठेवता येते का, हा आपल्याकडच्या घरखर्चाशी थेट जोडलेला प्रश्नही निम्हान्सच्याच डॉक्टरांनी तपासला आणि उत्तर आशादायक आले. उपचार सुरू झाल्यावर काही रुग्णांची लक्षणे आधी वाढतात, हेही सांगितले पाहिजे. सगळेच पूर्ववत होतात असेही नाही. पण तांबे काढल्यावर फिल्मवरचे पांढरे डाग अनेकांत ओसरतात, हे ५० रुग्णांच्या वेळोवेळी काढलेल्या एमआरआयवरून २००७ मध्ये याच गटाने दाखवले. झिजलेला मेंदू असा परतत नसतो.

इतर आजारांकडे वळू. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी, ज्याला डॉक्टर पीएसपी म्हणतात, त्याची खूण म्हणजे हमिंगबर्ड. १९६४ मध्ये स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की यांनी हा आजार कंपवातापासून वेगळा काढला: रुग्ण पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच मागच्या मागे पडतो, मान ताठ होते, आणि नजर वर-खाली फिरेनाशी होते, ताटातले दिसत नाही, पायरी दिसत नाही. नजर वर-खाली नेणारी यंत्रणा मध्यमेंदूत आहे आणि या आजारात नेमका तोच भाग आक्रसतो. मेंदूचा उभा मधला छेद पाहिला तर मध्यमेंदूची एरवी फुगीर असणारी वरची कड खोलगट होते. वर चोचीचे निमुळते डोके आणि खाली पॉन्सचे गुबगुबीत अंग, असा पक्षी दिसतो. ही खूण मला जास्त मोलाची वाटते, कारण ती लक्षणाचे कारणच दाखवते. रुग्ण पायऱ्यांवर का पडतो आणि फिल्मवर पक्षी का दिसतो, या दोन्हींचे उत्तर मध्यमेंदूच्या त्याच काही मिलिमीटरमध्ये आहे. लंडनमध्ये मृत्यूनंतर मेंदू तपासून ज्यांचे निदान पक्के झाले अशा रुग्णांच्या जुन्या फिल्म पुन्हा पाहून २०१२ मध्ये एक अभ्यास झाला. केवळ फिल्म पाहून पीएसपीचे २२ पैकी १६ आणि मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफीचे, म्हणजे एमएसएचे, १३ पैकी १० रुग्ण अचूक ओळखता आले. एकाला दुसरा समजण्याची चूक एकदाही झाली नाही. पण पीएसपीच्या सहा आणि एमएसएच्या तीन रुग्णांच्या फिल्मने खात्रीचे काही सांगितले नाही. दिसले तर भरवसा, न दिसले तर मौन. विल्सनच्या बाबतीत निघाले तेच इथेही निघते.

एमएसएची खूण मात्र एकटी सोडू नये अशी आहे. या आजारात पॉन्समधून लहान मेंदूकडे आडवे जाणारे तंतू झिजतात, उभे जाणारे मोठे तंतू टिकून राहतात, आणि आडव्या छेदात पांढरी फुली उमटते. इंग्रजी पुस्तकांत तिला हॉट क्रॉस बन म्हणतात. तीच फुली एससीए २ या आनुवंशिक आजारातही दिसते, कारण तिथेही तेच तंतू झिजतात. आता एससीए २ आणि भारत यांचे नाते जुने आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काम केलेले डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी १९७१ मध्ये नऊ कुटुंबांचे वर्णन ‘ब्रेन’ या नियतकालिकात छापले. तोल जाणे, बोलणे अडखळणे हे तर त्या रुग्णांत होतेच, पण या दोघांनी टिपले ते निराळेच: एका वस्तूवरून दुसरीवर नजर टाकताना यांचे डोळे झेप घेत नाहीत, सावकाश सरकतात. ज्या वर्षी हा लेख छापला गेला त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरला लंडनमध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. म्हणजे मेंदूचे एकही छेदचित्र हाताशी नसताना, रुग्णासमोर बोट धरून, त्यांनी हा आजार बाजूला काढला. त्याचे जनुक १९९६ मध्ये सापडले. आज फुली असलेली फिल्म समोर आली तर ती एमएसएची की एससीए २ ची हे केवळ त्या फुलीवरून नक्की होत नाही. घरात आणखी कोणाचा तोल जातो का हे विचारावे लागते आणि डोळे कसे फिरतात ते पाहावे लागते. एकात आजार रुग्णापाशी थांबतो, दुसऱ्यात प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते.

कंपवाताबद्दल, म्हणजे खुद्द पार्किन्सनच्या आजाराबद्दल, लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज फिल्मबाबतच आहे. या आजारात नेहमीचा एमआरआय बहुधा स्वच्छ येतो. “एमआरआय नॉर्मल आहे, म्हणजे कंपवात नाही” हे वाक्य घराघरांतून ऐकू येते आणि ते चूक आहे. कंपवाताचे निदान आजही हालचालींचा मंदपणा, ताठरपणा, कंप आणि लेव्होडोपा या औषधाला मिळणारा प्रतिसाद यांवर होते. तीन टेस्ला ताकदीच्या एमआरआय यंत्रावर लोह टिपणारी खास प्रतिमा काढली तर निरोगी माणसाच्या कृष्णद्रव्यात भिंगरी पक्ष्याच्या दुभंगलेल्या शेपटीसारखा आकार दिसतो आणि कंपवातात तो पुसला जातो, हे २०१४ मध्ये ब्रिटनमधून मांडले गेले. पण ही खूण हरवलेल्या गोष्टीची आहे. रुग्ण जरा हलला, यंत्र जुने असले, छेद किंचित तिरका गेला, तरी शेपटी दिसत नाही आणि निरोगी माणूस रुग्ण ठरू शकतो. डोपामाइनच्या तंतूंची हालत दाखवणारी ट्रोडॅटसारखी न्यूक्लिअर तपासणी आपल्या मोठ्या शहरांत होते. साधा हातकंप किंवा औषधामुळे आलेला ताठरपणा बाजूला काढायला ती चांगली आहे. पण कंपवात, पीएसपी आणि एमएसए यांत भेद करणे तिला जमत नाही, कारण तिघांतही ते तंतू घटतात.

इथे जाणकाराकडून पहिला आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. या खुणा इतर आजारांत दिसतच नाहीत, असे शंभर टक्क्यांचे आकडे मी सांगितले. ते आकडे कशाच्या तुलनेत? निम्हान्सच्या अभ्यासात त्या विशिष्ट ४४ रुग्णांच्या तुलनेत, लंडनमध्ये मेंदूदान केलेल्या मोजक्या रुग्णांच्या तुलनेत. तुलनेचा गट बदलला की आकडा बदलतो. पांडाही इतर काही आजारांत क्वचित दिसल्याच्या नोंदी आहेत, आणि फुलीचे तर आत्ताच पाहिले. आक्षेप मान्य आहे, आणि माझा मुद्दा त्याने आणखी पक्का होतो. हिशेबापुरते काही आकडे धरू. एखाद्या खास उपचार केंद्रात आलेल्या १००० रुग्णांपैकी २०० जणांना पीएसपी आहे. खूण त्यांच्यापैकी ७० टक्क्यांत दिसते आणि इतरांपैकी ५ टक्क्यांत उगाच दिसते. मग १४० खरे आणि ४० खोटे. खूण दिसली तर पीएसपी असण्याची शक्यता पाचांत चारांच्या आसपास. आता तेच यंत्र, तोच रेडिओलॉजिस्ट, पण तालुक्याचे स्कॅन सेंटर, जिथे १००० संथ झालेल्या वृद्धांत पीएसपीचे फक्त २० आहेत. खरे १४, खोटे ४९. तीच खूण आता चारांत एकदाही खरी ठरत नाही. फिल्म बदलली नाही. रुग्ण कुठून आणि कशासाठी आला ते बदलले. म्हणून क्लिनिकल माहितीचा रकाना कोरा ठेवून पाठवलेल्या एमआरआयवर “पीएसपीची शक्यता” असे लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टला मी दोष देणार नाही. ज्याने रकाना कोरा ठेवला त्याला देईन.

दुसरा आक्षेप सामान्य माणसाचा आहे आणि मला तो अधिक बोचतो. पीएसपी असो की एमएसए, बरे होण्याचे औषध नाहीच, मग हजारो रुपये खर्चून नाव शोधायचे कशाला? उत्तर असे की नाव कळल्यावर कितीतरी निरुपयोगी गोष्टी थांबतात. पीएसपीत लेव्होडोपाने फारसा फरक पडत नाही, तरी निदान कंपवाताचे असले की मात्रा वाढतच जाते आणि भास, गोंधळ पदरात पडतात. एमएसएमध्ये उभे राहिल्यावर रक्तदाब कोसळतो. ते ठाऊक नसलेला डॉक्टर झोपून मोजलेला चढा दाब पाहून तो कमी करायची गोळी लिहितो आणि रुग्ण न्हाणीघरात पडतो. पीएसपीत गिळण्याचा त्रास लवकर येतो. अन्नाचा घास श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया टाळायची तयारी आधीपासून करता येते. आणि आनुवंशिक आजार असेल तर पुढच्या पिढीच्या लग्नाचे, मुलाबाळांचे निर्णय त्यावर ठरतात. नवीन औषधांच्या चाचण्यांत भाग घ्यायचा तरी नेमके निदान लागते. पण आक्षेपाचा एक भाग मी नाकारत नाही. ऐंशी वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला नावासाठी पुन्हा पुन्हा स्कॅनच्या बोगद्यात घालणे याला मी निदान म्हणणार नाही.

तिसरा आक्षेप तरुण मंडळींचा. बेंगळुरूत बोलताना तो येणारच. डोळ्यांनी पक्षी आणि प्राणी ओळखण्याचे दिवस गेले. मोजमाप करा, यंत्राला करू द्या. मोजमापाच्या बाजूने बोलण्यासारखे खूप आहे. लंडनच्याच गटाने २०१३ मध्ये दाखवले की उभ्या छेदातले मध्यमेंदूचे माप ९.३५ मिलिमीटरपेक्षा कमी आणि मध्यमेंदू-पॉन्सचे गुणोत्तर ०.५२ पेक्षा कमी असेल तर पीएसपीचे निदान पक्के धरता येते. इटलीत २००८ मध्ये त्याहून गुंतागुंतीचा निर्देशांक मांडला गेला. पट्टी धरून मोजता येते, दोन माणसांची उत्तरे जवळजवळ सारखी येतात, आणि पक्षी दिसतो की नाही हा वाद उरत नाही. संगणक हे काम अधिक न थकता करील, हेही खरे. पण संगणकाला शिकवायला लागणारी उत्तरे येणार कुठून? कोणती फिल्म खरोखर पीएसपीची होती, हे शेवटी मेंदूच सांगू शकतो. निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूंची पेढी आहे. तिच्यात कुटुंबांनी दान केलेले मेंदू जपले जातात. आपल्याकडे मेंदूदानाला लोक अजून बिचकतात, आणि तोवर भारतीय फिल्मवर शिकलेला संगणक डॉक्टरांचे अंदाजच घोकत राहील. त्यांत डॉक्टर चुकला असेल तर यंत्रही तीच चूक वेगाने करील. शिवाय मध्यमेंदूची मापे घ्यायला शिकवलेले यंत्र पीएसपीच मोजणार; समोरच्या १७ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांत तांबे आहे का, हा प्रश्न त्याला कोणीतरी घालून द्यावा लागतो.

डोळ्यांची ती गोष्ट आता सांगायची वेळ आली. विल्सनच्या आजारात तांबे डोळ्याच्या पारदर्शक पटलाच्या कडेला साठून हिरवट-तपकिरी वलय तयार होते. कायझर यांनी १९०२ मध्ये आणि फ्लायशर यांनी १९०३ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणजे विल्सन यांच्या प्रबंधाच्याही आधी. मेंदूची लक्षणे आलेल्या बहुतेक सर्व रुग्णांत ते असते. ते पाहायला स्लिट लँप लागतो, आणि तो जवळपास प्रत्येक नेत्रतज्ज्ञाच्या दवाखान्यात चष्म्याचा नंबर काढायच्या खोलीत उभा असतो. एमआरआयच्या तुलनेत त्याचा खर्च नगण्य. पांडा ५६ पैकी ८ जणांत दिसतो आणि वलय जवळजवळ सगळ्यांत. असे असताना मुलगा स्कॅन सेंटरला आधी जातो, नेत्रतज्ज्ञाकडे जातच नाही. मला फिल्म नको असे नाही. तिच्यावर टेक्टमची पट्टी, पॉन्सचा मध्य, तिन्ही ठिकाणचे एकत्र बदल यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तासाभरात स्लिट लँप आणि रक्तातले सेरुलोप्लाझ्मिन हे तांबे वाहणारे प्रथिन तपासले गेले पाहिजे, आणि फिल्म स्वच्छ असली तरी ते तपासले गेले पाहिजे. चाळिशीच्या आतल्या कोणालाही अकारण कंप, वाकडेपणा किंवा बोलण्यात जडपणा आला तर विल्सन नाही हे सिद्ध होईपर्यंत विल्सन आहे असे धरून चालावे, हा न्यूरॉलॉजीतला जुना दंडक आहे. तो फिल्मपेक्षा जुना आहे आणि अजून कोणत्याही फिल्मने त्याला मागे टाकलेले नाही. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय निकषांतही खुणांचे वजन आजारागणिक वेगळे ठेवले आहे. पीएसपीच्या २०१७ च्या निकषांत फिल्म ही आधार देणारी बाब आहे. एमएसएच्या २०२२ च्या निकषांत मात्र निदान ‘प्रस्थापित’ म्हणायचे तर एमआरआयवरची किमान एक खूण सक्तीची केली आहे. विल्सनमध्ये ती सक्ती केली तर रुग्ण हातचे जातील.

उलटलेला क्रम पुन्हा सुलटा होईल, अशी माझी समजूत नाही. स्कॅन सेंटर वाढतच जाणार, न्यूरॉलॉजिस्ट त्या वेगाने वाढणार नाहीत. पण फिल्म आधी निघणार असेल तर तिच्यासोबतच्या चिठ्ठीवर चार ओळी लिहिणे कोणत्याही डॉक्टरला जमते: वय किती, कंप कधीपासून, पडतो का आणि कोणत्या बाजूला, नजर खाली जाते का, घरात नात्यातली लग्ने आहेत का, कावीळ होऊन गेली का, मानसिक आजाराची औषधे चालू आहेत का. यांतल्या शेवटच्या प्रश्नाने तर कित्येकदा फिल्मची गरजच उरत नाही, कारण त्या औषधांनीच ताठरपणा आलेला असतो. आणि रेडिओलॉजिस्टनेही अहवालात दिसले ते लिहावे तसे मुद्दाम शोधून न दिसलेलेही लिहावे. टेक्टम पाहिला, स्वच्छ आहे; मध्यमेंदू मोजला, इतका भरला. नुसते “विशेष काही नाही” असे लिहिले की काय पाहिले आणि काय पाहिलेच नाही, हे पुढच्या डॉक्टरला कळत नाही.

एका ठिकाणी मात्र फिल्मकडे सुरुवातीला वळायचेही कारण नाही. एका मुलाला विल्सनचा आजार निघाला की त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारांत एक असते. ते भावंड आज धडधाकट असेल, शाळेत पहिले येत असेल. त्याचा एमआरआय बहुधा स्वच्छ येईल, पांडाही नाही आणि पट्टीही नाही, कारण तांबे अजून यकृतातच आहे. उपचाराचा सर्वाधिक फायदा याच मुलाला होतो. लक्षणे येण्यापूर्वी औषध सुरू झाले आणि आयुष्यभर चुकवले नाही तर मेंदूचा आजार त्याला गाठतच नाही. म्हणून पहिल्या मुलाच्या निदानाच्या कागदावरच भावंडांची नावे यावीत आणि त्यांच्यापुढे तपासण्या: सेरुलोप्लाझ्मिन, चोवीस तासांच्या लघवीतले तांबे, यकृताच्या चाचण्या, स्लिट लँपखाली डोळे, आणि पहिल्या मुलाचा जनुकदोष सापडला असेल तर नेमका तोच दोष यांच्यात आहे का याची तपासणी. एमआरआयची चिठ्ठी त्या दिवशी लिहिली नाही तरी चालेल.